तळघरांत मुरलेली पांढरी वाइन



गेल्या दिवाळींत माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. स्पेन देशाच्या उत्तरेकडील बिल्बाओ ह्या बंदराच्या शहरीं तो इंजिनियर आहे. मोठे झालेले विद्यार्थी मास्तरांसाठीं शाल आणतात, पेन आणतात, फार झालें तर चॉकलेटचा डबा आणतात. ह्या गृहस्थानें पिशवींतून काढली एक बाटली. बुचावर मेणाची मोहर होती. मी जन्मांत मद्याला शिवलेलों नाहीं हें त्याला पुरतें ठाऊक होतें. तेव्हां माझ्या कपाळावरच्या आठ्या पाहून तो घाईघाईनें म्हणाला, "सर, ही प्यावयाला आणलेली नाहीं. तुम्ही वर्गांत आम्हांला वस्तु दाखवून पाठ शिकवीत होतां ना, तशी ही एक वस्तु. पांढरी वाइन आहे, आणि हिच्यावरचें साल तेवढें वाचा." साल होतें २००१. त्या सालीं हा मुलगा माझ्या वर्गांत आठवीला होता आणि त्याला अजून मिसरूडहि फुटलेलें नव्हतें.

बूच निघालें, पेल्यांत चार चमचे वाइन ओतली गेली. जुन्या सोन्याचा असतो तसा तिचा रंग होता. वास घेतला म्हणजे अर्धें जेवण होतें असें आपल्याकडे म्हणतात, त्या हिशेबानें माझा नियम अर्धा मोडतो कीं काय, ह्या विचारांत मी पडलों असतां, फराळाचें ताट घेऊन बाहेर आलेल्या आमच्या सौभाग्यवतीनें पेला उचलला, नाकाशीं नेला आणि निवाडा दिला : "अरे, ह्याला तर मेथीच्या लाडवाचा वास येतो!" विद्यार्थी हंसला आणि म्हणाला, "काकू, रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आणि तुमचें नाक, दोघांचा निकाल एकच आहे."

तो वास कोठून आला, आणि जी वस्तु एरव्हीं दोन-तीन वर्षांत मरावयाची ती पंचवीस वर्षांच्या घरांत येऊन जिवंत कशी राहिली, हें समजून घेण्याच्या नादांत माझे पुढचे कित्येक महिने गेले. मॅट्रिकपलीकडे शिक्षण न झालेल्या माणसानें ह्या शास्त्रांत शिरावें हें थोडें धाडसच. परंतु आयुष्यभर दुसर्‍यांच्या मुलांना समजावून सांगण्यांत घालविल्यावर, स्वतःला न समजलेली गोष्ट तशीच टाकून देणें जमत नाहीं.

प्रथम मुळापासून पाहूं. द्राक्षाच्या रसांत साखर असते. किण्व नांवाचे सूक्ष्म जीव ती साखर खातात आणि तिचें अल्कोहोल करतात. हीच क्रिया आपल्या वैद्यांच्या द्राक्षासवांत होते. तेथें धायटीचीं फुलें घालून भांड्याचें तोंड बंद करून ठेवतात. आसवें जितकीं जुनीं तितकीं गुणवान्, असेंहि आपल्या वैद्यकांत मानलें आहे, तेव्हां मुरण्याची कल्पना आपणांस परकी नाहीं. तांबडी वाइन करतांना काळीं द्राक्षें सालांसकट आंबवितात. त्यामुळें सालांचा रंग उतरतो आणि त्याबरोबर तुरट द्रव्येंहि उतरतात. पांढर्‍या वाइनीसाठीं मात्र रस आधींच पिळून वेगळा करतात आणि तो एकटाच आंबवितात.

आतां येथेंच खरी मेख आहे. हवेंतील प्राणवायु हा वाइनीचा जुना वैरी. तांबड्या वाइनींतील तुरट द्रव्यें हा प्राणवायु स्वतःवर ओढून घेतात, जणुं वाड्याच्या दारावरचे पहारेकरी. पांढर्‍या वाइनीजवळ असे पहारेकरी फार थोडे असतात. वांगें चिरून ठेवलें तर पांच-दहा मिनिटांत काळें पडतें, आणि म्हणून गृहिणी चिरलेलीं वांगीं पाण्यांत टाकते, म्हणजे हवेपासून तोडते. पांढर्‍या वाइनीचा रंग जातो आणि तिला शिळें सफरचंद सडावें तसा वास येऊं लागतो तोहि ह्याच जातीच्या कारणानें. म्हणून आजकाल जगांतील बहुतेक पांढर्‍या वाइनी पोलादाच्या बंद टाक्यांत, थंड ठेवून करतात, त्यांना हवेचा वाराहि लागूं देत नाहींत, लगोलग बाटल्यांत भरतात आणि वर्षा-दोन वर्षांत पिऊन टाकण्याचा सल्ला देतात. ही पद्धत वाईट आहे असें नाहीं. ताज्या फळाचा वास हवा असेल तर दुसरा इलाजच नाहीं.

परंतु बिल्बाओपासून सुमारें शंभर किलोमीटरवर हारो नांवाचें एक लहान गांव आहे, आणि तेथील एक घराणें गेलीं शंभराहून अधिक वर्षें ह्याच्या अगदीं उलट करीत आलें आहे. तें पांढर्‍या वाइनीला हवेपासून लपवीत नाहीं. थोडी थोडी, बेताबेतानें हवा तिला देत राहतें. वैर्‍याशीं रोज थोडें बोलत राहावें आणि शेवटीं त्याचें वैर संपवावें, अशांतला हा प्रकार आहे.

हें हारो स्पेनच्या रिओहा प्रांतांत आहे. उत्तरेला कांताब्रियाची डोंगररांग आहे. अटलांटिक समुद्रावरून येणारे थंड, ओले वारे ती पुष्कळसे अडविते. खालून एब्रो नदी वळणें घेत जाते. ह्या गांवाचें भाग्य उघडलें तें फ्रान्सच्या दुर्दैवानें. १८६३ च्या सुमारास दक्षिण फ्रान्समध्यें द्राक्षवेलींच्या मुळांना लागणारी फिलोक्सेरा नांवाची अमेरिकेंतून आलेली एक बारीक कीड दिसूं लागली आणि पुढील वीस-पंचवीस वर्षांत तिनें त्या देशांतील द्राक्षमळे उजाड केले. फ्रेंच व्यापार्‍यांना गिर्‍हाइकांची मागणी तर पुरवावयाची होती. तेव्हां ते वाइन शोधीत पिरेनीज पर्वत ओलांडून रिओहांत उतरले. हारोला तोंवर रेल्वे आलेली होती आणि तिनें बिल्बाओ बंदर जवळ आणलें होतें, म्हणून वखारी त्या स्टेशनाच्या आसपासच उभ्या राहिल्या. आजहि तो भाग स्टेशनपेठ ह्याच अर्थाच्या नांवानें ओळखला जातो, आणि जुन्या जुन्या वाइनच्या घराण्यांची एवढी दाटी दुसरीकडे क्वचित् आढळेल.

ह्या फ्रेंच व्यापार्‍यांच्या पायांशीं बसून विद्या शिकलेला एक तरुण म्हणजे राफाएल लोपेस दे एरेदिया इ लांदेता. १८७७ सालीं त्यानें स्वतःची वखार काढली. फ्रेंच आले आणि यथाकाल परत गेले, हा राहिला. पण जी कीड फ्रान्सला भोंवली ती रिओहाला थोडीच सोडणार? १८९९ सालीं ती तेथेंहि येऊन पोंचली. मग अमेरिकन वेलींच्या खुंटांवर आपल्या वेलींचें कलम करणें हा एकच उपाय उरला, कारण अमेरिकन मुळें त्या किडीला दाद देत नाहींत. किडीनें मोडलेल्या प्रांतांत, १९१३-१४ च्या सुमारास, ह्या राफाएलनें एब्रोच्या उजव्या तीरावर, नदीनें वेढलेल्या शिंपल्यासारख्या खोलगट जागेंत, चुनखडीमिश्रित गाळाच्या जमिनींत नवा मळा लावला. शंभर हेक्टरांहून अधिक, म्हणजे आपल्या अडीचशें एकरांच्याहि वर. तोच हा तोंदोनियाचा मळा. वेल मांडवावर न चढवितां झुडपासारखे बुटके ठेवतात. पांढर्‍या वाइनीसाठीं त्यांत विउरा नांवाचीं द्राक्षें नऊ हिस्से आणि माल्वासिया एक हिस्सा, असें साधारण प्रमाण असतें.

आतां वखारींत जाऊं. मी तेथें गेलेलों नाहीं. परंतु विद्यार्थ्यानें काढलेलीं छायाचित्रें इतक्या वेळां पाहिलीं आहेत कीं जिन्याच्या पायर्‍यासुद्धां तोंडपाठ झाल्या आहेत. रस आंबविण्यासाठीं ओक लाकडाच्या अजस्र उभ्या कोठ्या आहेत. त्यांतील कित्येकांनीं शंभरी ओलांडली आहे. रस आंबून शांत झाला म्हणजे वाइन पिंपांत भरतात. पिंप हा शब्द आपणांस पोर्तुगीजांकडून मिळाला. त्यांच्या 'पीपा'चें आपण पिंप केलें आणि त्यांत रॉकेल व पाणी भरलें. ह्या वखारींतील एक पिंप सुमारें सव्वादोनशें लिटरांचें असतें. लाकूड अमेरिकेंतून येतें, ओंडक्याच्या फळ्या उघड्यावर वर्षानुवर्षें वाळवितात, आणि पिंपें बाहेरून विकत न घेतां वखारीचे स्वतःचे कारागीर तीं बनवितात. बनवितात म्हणण्यापेक्षां जगवितात म्हणणें अधिक योग्य होईल. एखादी फळी कुजली तर ती बदलतात, पट्टा सुटला तर ठोकतात, आणि पिंप पुन्हां कामाला लावतात. ह्यांत काटकसर आहे, पण केवळ काटकसर नाहीं. नव्या ओकमधून व्हॅनिलासारखा वास आणि लाकडाचा तुरटपणा वाइनींत उतरतो. बहुतेक वखारवाल्यांना तो हवा असतो. ह्या घराण्याला तो नको आहे. जुनें पिंप स्वतःची चव देत नाहीं; तें फक्त श्वास घेऊं देतें.

कारण लाकूड म्हणजे पोलाद नव्हे. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून आणि सांध्यांतून थोडी वाइन उडून जाते व थोडी हवा आंत येते. पिंपांत ही वाइन किती काळ राहते? रिओहाच्या नियमांप्रमाणें सर्वांत वरच्या प्रतीच्या, 'ग्रान रेसेर्व्हा' म्हणविणार्‍या पांढर्‍या वाइनीला एकूण चार वर्षें मुरवावें लागतें, आणि त्यांतील सहा महिने लाकडांत काढले तरी कायदा तृप्त होतो. ह्या घराण्याच्या पांढर्‍या ग्रान रेसेर्व्हाला पिंपांत सहा महिने नव्हेत, दहा वर्षें ठेवतात! त्याखालच्या 'रेसेर्व्हा'लाहि सहा वर्षें. मग पुढें बाटलींत आणखी कित्येक वर्षें. आमच्या घरीं आलेल्या बाटलींतील द्राक्षें २००१ सालीं तोडलीं आणि ती बाजारांत येईपर्यंत वीस वर्षें उलटलीं होतीं. आणि प्रत्येक सालीं ही वाइन होतेच असें नाहीं. हंगाम मनाजोगा नसेल तर त्या सालची ग्रान रेसेर्व्हा करीतच नाहींत.

ह्या दहा वर्षांत वाइन नुसती पडून असते असें समजूं नका. वर्षांतून दोन वेळां ती एका पिंपांतून दुसर्‍या पिंपांत काढतात, म्हणजे तळाचा गाळ मागें राहतो, आणि ओततांना वाइनीला हवेचा एक घोट मिळतो. दहा वर्षांत असे सुमारें वीस घोट. शेवटीं ती निवळावी म्हणून ताज्या अंड्याचा पांढरा बलक घालतात. साखरेच्या पाकांत चमचाभर दूध घातलें म्हणजे मळी एकत्र होऊन वर येते, हें आपल्या घरोघरीं ठाऊक आहे. तेथें दुधांतील प्रथिन काम करतें, येथें अंड्यांतील. फरक इतकाच कीं पाकांतली मळी वर येते आणि वाइनींतला गढूळपणा खालीं बसतो. नंतर गाळणयंत्रांतून न काढतां ती बाटल्यांत भरतात.

हें सर्व चालतें तें खडक फोडून काढलेल्या तळघरांत. उन्हाळा असो कीं हिंवाळा, तेथें बारा अंशांच्या आसपास गारवा असतो आणि हवा दमट असते. भिंतींवर बुरशीची गोधडी, आणि जुन्या बाटल्यांच्या ढिगांवर कोळ्यांचीं जाळीं, चुलत्या-पुतण्यांच्या वाटणींत अडकलेल्या वाड्यांत असतात तशीं लोंबणारीं. माझ्या सौभाग्यवतीनें छायाचित्र पाहून पहिला प्रश्न विचारला तो हाच कीं, एवढ्या श्रीमंत लोकांकडे केरसुणी नाहीं का? तर त्याचें उत्तर असें. बुचांवर एक बारीक पतंग अंडीं घालतो व त्याच्या अळ्या बूच पोखरतात. कोळी ते पतंग खातात. म्हणून ह्या घरांत कोळ्याचें जाळें झाडीत नाहींत. मी हें उत्तर आमच्या माळ्यावरील जाळ्यांच्या समर्थनार्थ वापरून पाहिलें. तें मान्य झालें नाहीं.

आतां मूळ प्रश्न. इतकी हवा मिळूनहि ही वाइन मरत कां नाहीं?

पहिलें कारण आंबटपणा. कोंवळ्या कैरीचें लोणचें टिकतें आणि पाडाला आलेल्या आंब्याचें टिकत नाहीं, हें ज्यानें एकदां अनुभविलें त्याला हें सांगावयास नको. आम्ल पुरेसें असलें म्हणजे हवेमुळें होणार्‍या क्रिया सावकाश होतात आणि बिघाड करणार्‍या सूक्ष्म जीवांचाहि जोर चालत नाहीं. विउरा द्राक्ष आपला आंबटपणा बर्‍यापैकीं टिकवून धरतें, शिवाय दुसर्‍या पुष्कळ पांढर्‍या द्राक्षांच्या मानानें तें हवेला कमी बळी पडतें. त्यांत हारोची हवा थंड, जमीन चुनखडीची, वेल जुने. आपल्या नाशिककडे वेलीला हिंवाळ्याची झोंपच नसते. एप्रिलांत आणि ऑक्टोबरांत अशी दोनदां छाटणी करून तिला वळण लावावें लागतें, आणि द्राक्षें वर्षाच्या आरंभींच्या महिन्यांत तोडणीला येतात. तेथेंहि आतां चांगल्या पांढर्‍या वाइनी होतात असें जाणकार सांगतात. परंतु त्या बहुधा ताज्या ताज्या संपविण्याच्या असतात. उन्हाच्या देशांत द्राक्षाला साखर लौकर चढते आणि आंबटपणा लौकर उतरतो. मुरविण्यासाठीं हाताशीं भांडवल थोडें राहतें.

दुसरें कारण जरा सूक्ष्म आहे. रसांतील जीं द्रव्यें हवा लागतांच काळीं पडावयाचीं, तीं ह्या पद्धतींत आरंभींच पुष्कळशीं काळीं पडतात आणि गाळाबरोबर खालीं बसतात. म्हणजे जें बिघडावयाचें तें बाल्यांतच बिघडून घेतलें जातें, आणि बाटलींत शिरतांना वाइनींत बिघडण्याजोगें फारसें कांहीं उरतच नाहीं. बंद पोलादी टाकींत जन्मभर जपलेली वाइन बाटली फुटतांच हवेला घाबरते. हिनें मात्र ती भीति लहानपणींच उरकून टाकलेली असते. देवी काढण्याशीं ह्याची तुलना करण्याचा मोह होतो, परंतु शास्त्राच्या दृष्टीनें ती बरोबर ठरणार नाहीं, म्हणून आंवरतों.

तिसरें कारण केवळ गति. तोच प्राणवायु एकदम मिळाला तर नासाडी, आणि दहा वर्षांत वांटून मिळाला तर घडण. सावकाश मिळालेल्या हवेनें वाइनींत नवीं सुवासिक द्रव्यें तयार होतात. त्यांपैकीं एकाचें नांव सोटोलॉन. पिंपांत दीर्घकाळ मुरलेल्या पांढर्‍या वाइनींत तें आढळतें. आणि मेथीच्या दाण्याचा जो खास वास, तोहि मुख्यतः ह्याच सोटोलॉनचा. मेथीचे लाडू खाल्लेल्या बाळंतिणीच्या खोलींत जो वास दरवळतो तो हाच. घामावाटेंहि तो बाहेर पडतो. ऊंसाच्या कच्च्या साखरेच्या वासांतहि त्याचा वांटा आहे. एक रेणु, आणि तो आपल्या मेथीच्या डब्यांतहि आहे व हारोच्या तळघरांतहि! फार थोड्या प्रमाणांतहि तो नाकाला कळतो, म्हणूनच आमच्या घरीं तो एका हुंगण्यांत ओळखला गेला. ह्यापुढें रसायनशास्त्राला स्वयंपाकघरांतून बाहेर काढण्याची भाषा मी करणार नाहीं.

येथवर झाली ती निसर्गाची बाजू. माणसाची बाजू अधिक अवघड आहे, आणि मला स्वतःला तीच अधिक ओढून घेते.

दहा वर्षें वाइन पिंपांत म्हणजे दहा वर्षें पैसा पिंपांत. प्रत्येक शरदांत नवें पीक येणार, मजुरी द्यावी लागणार, लाकूड आणावें लागणार, आणि विकावयाचें काय तर वडिलांच्या काळीं भरलेलें. जो वाइन करतो तोच तिची किंमत मोजून घेईल ह्याची खात्री नाहीं. आपल्याकडे आजोबांनीं आंबा लावावा आणि नातवानें खावा असें म्हणतात. पण आंबा लावून आजोबा निदान सावलींत तरी बसतात. १९३६ ते १९३९ हीं यादवी युद्धाचीं वर्षें आणि त्यानंतरची उपासमार, ह्या काळांत स्पेनमध्यें कित्येक द्राक्षमळे मोडून तेथें गहूं पेरला गेला. ह्या घराण्यानें तोहि काळ काढला.

खरी कसोटी लागली ती मात्र सुबत्तेंत. १९७० नंतर रिओहांत पोलादाच्या टाक्या आणि थंड आंबवण आली. पांढरी वाइन म्हटली कीं ती पाण्यासारखी स्वच्छ, कोंवळी, फळाच्या वासाची, आणि ह्या सालची ह्याच सालीं संपणारी, अशी आवड झाली. पिंपांत मुरलेल्या सोनेरी वाइनीला लोक जुनाट म्हणूं लागले, ती खराब झाली आहे असेंहि म्हणूं लागले. एकामागून एक बहुतेक वखारींनीं जुनी रीत सोडली. त्यांत त्यांचें चुकलें असें म्हणवत नाहीं. नोकरांचे पगार दर महिन्याला द्यावे लागतात, पिढीनें नव्हे. लोपेस दे एरेदिया घराण्यानें सोडली नाहीं. आज संस्थापकाच्या पणत्या मारिया होसे आणि मर्सेदेस आपल्या भावासह, म्हणजे चौथी पिढी, कारभार पाहते. आतां वारा फिरला आहे. जी वाइन कोणी घेत नव्हतें ती आतां मागणीला पुरत नाहीं, आणि किंमतहि त्याप्रमाणें चढली आहे.

ह्याला चिकाटी म्हणावें कीं हट्ट, ह्यावर विद्यार्थ्याचा आणि माझा रात्रीं अकरापर्यंत वाद झाला. तो म्हणाला, "सर, हा निव्वळ हट्ट. नशीब बरें म्हणून वाचले." मला तें पटलें नाहीं, आणि कारण विचारल्यावर त्यानेंच पुरविलेली एक हकीकत मीं त्याच्यापुढें ठेवली. १९१० सालीं ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनासाठीं संस्थापकानें लाकडाचा एक कोरीव मंडप करविला होता. तो वखारींत मोडून पडलेला पुढें घरच्यांना सांपडला. व्यवसायाला १२५ वर्षें झालीं तेव्हां त्यांनीं तो दुरुस्त केला, आणि २००२ च्या बार्सेलोना येथील प्रदर्शनासाठीं त्याच्याभोंवतीं नवें आवरण बांधावयाचें काम कोणाला दिलें? बगदादला जन्मलेल्या, जगांतील सर्वांत धाडसी स्थापत्यविशारदांपैकीं एक अशा झाहा हदीद यांना! धातूचा आणि कांचेचा, वाइनीच्या सुरईच्या आकाराचा तो मंडप आतां हारोच्या जुन्या दगडी वखारीसमोर उभा आहे आणि त्याच्या पोटांत १९१० चा लांकडी मंडप आहे. नव्याचा ज्यांना मुळांतच तिटकारा, ते असें करणार नाहींत. काय बदलावें हें त्यांना कळत होतें. पिंपांतलीं दहा वर्षें बदलावयाचीं नाहींत एवढेंच त्यांनीं ठरविलें होतें. विद्यार्थी म्हणाला, "ठीक आहे, सर, अर्धे गुण." मीहि त्याला आठवींत असेच देत असें.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. जुनें म्हणजे चांगलें असा अर्थ ह्यांतून काढूं नये. जगांतील बहुसंख्य पांढर्‍या वाइनी दहा वर्षें ठेवल्या तर मोरींत ओतण्याच्या लायकीच्या होतात. आणि ह्या घराण्याचीसुद्धां एखादी बाटली बूच खराब निघाल्यानें वाया जाते. ओल्या पुठ्ठ्याचा वास येऊं लागतो आणि वीस वर्षांची वाट एका मिनिटांत फुकट जाते. तिला फार गार करूनहि पिऊं नये असें विद्यार्थी म्हणाला, कारण बर्फाच्या गारठ्यांत हा सगळा वास मुका होऊन बसतो. चव कशी असते, हें मीं त्यालाच विचारलें. सुकें जर्दाळू, अक्रोड, थोडा मध, आणि शेवटीं लिंबाच्या सालीसारखा लख्ख आंबटपणा. गोड मुळींच नाहीं, असें तो म्हणाला. वासांत मध आणि जिभेवर गोडी नाहीं, हें पहिल्यानें घेणाराला चकवतें.

तो गेला तेव्हां उरलेली बाटली बूच लावून बरोबर घेऊन गेला. पेल्यांतले चार चमचे मात्र तसेच राहिले, आणि दिवाळीच्या गडबडींत पेला रात्रभर खिडकींत उघडाच राहिला. सकाळीं मीं तो हुंगून पाहिला. ताज्या पांढर्‍या वाइनीचा असा उघडा पेला सकाळपर्यंत मिळमिळीत होऊन जातो, असें मीं नंतर वाचलें. ह्या पेल्यांतला मेथीचा वास थोडा मागें सरला होता आणि त्याच्या जागीं सुक्या जर्दाळूचा स्पष्ट वास येत होता. बिघाडाचें नांव नव्हतें. मीं सौभाग्यवतीला हांक मारून पेला पुढें केला. तिनें वास घेतला, मान हलविली, "कालच्यापेक्षां बरा आहे" म्हणाली, आणि पेला घांसावयाला घेऊन गेली.